नवा लॅपटॉप आणि त्याची अंगे : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक आढावा

नवा लॅपटॉप घरी आल्यावर त्याची सुरुवात कशी करावी, त्याचे कोणते अंग कशासाठी असते आणि कोणत्या अंगाला किती जपावे, या प्रश्नाची उत्तरे आज प्रामुख्याने चार ठिकाणी मिळतात : पेटीतील छापील पत्रक, दुकानदाराचा तोंडी सल्ला, संगणक प्रशिक्षणाचे वर्ग आणि आधी लॅपटॉप घेऊन बसलेला एखादा नातेवाईक. या उत्तरांचा दर्जा वेगवेगळा असला तरी त्यांच्या मुळाशी एक समान गृहीत आढळते; वीज अखंड आहे, हवा कोरडी आहे, इंटरनेट मुबलक आहे आणि वापरणाऱ्याला इंग्रजी कळफलक पुरेसा आहे, असे ते गृहीत होय. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत हे गृहीत चारही बाजूंनी तोकडे पडते. खरेदीच्या वेळी सारी चर्चा प्रोसेसर कोणत्या पिढीचा यावर होते, पण या भागात यंत्र किती वर्षे टिकेल आणि किती उपयोगी पडेल हे भिंतीतला सॉकेट, पावसाळ्यातली हवा, मोबाइलचा डेटा पॅक आणि देवनागरी लिपीची सोय यांवर अधिक अवलंबून असते, असे या आढाव्याचे प्रतिपादन आहे.

या परिसराचे विजेशी असलेले नाते विलक्षण आहे. लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर अडवलेले पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून टाटा कंपनीने १९१५ साली खोपोली येथे जलविद्युत केंद्र सुरू केले आणि १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र त्यात जमा झाले. मात्र ही वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती, आणि ज्या डोंगरउतारांवरून तारा गेल्या त्यांच्या पायथ्याच्या वाड्या-पाड्यांत दिवा लागायला पुढे कित्येक दशके जावी लागली. आज महावितरणचा पुरवठा गावोगाव पोचला आहे, पण तो बऱ्याच ठिकाणी उघड्या तारांवरून आणि झाडीतून येतो. त्यामुळे वळवाच्या पहिल्या वादळापासून परतीच्या पावसापर्यंत वीज जाणे, कमी दाबाने येणे आणि परत येताना झटक्याने येणे या गोष्टी इथल्या माणसाने गृहीत धरलेल्या असतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यात विजेचे खांब मोठ्या संख्येने आडवे केले आणि अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. शाळा-महाविद्यालयांचे वर्ग घरच्या पडद्यावर भरू लागले होते तो नेमका हाच काळ होता.

अशा पुरवठ्यावर यंत्र जोडण्यापूर्वी पाहण्याची पहिली वस्तू म्हणजे अडॅप्टर, ज्याला बोलीत सरसकट चार्जर म्हणतात. घरातील वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उलटसुलट फेरा घेणारी, २३० व्होल्टची असते, तर लॅपटॉपला लागते ती एकाच दिशेने वाहणारी, २० व्होल्टच्या आसपासची. हे रूपांतर करणारी पेटी म्हणजे अडॅप्टर. तिच्या पाठीवरची बारीक अक्षरे क्वचितच कोणी वाचते, पण घरातल्या वायरमनलाही ठाऊक नसलेली माहिती त्यांत असते. ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ याचा अर्थ असा की दाब १५० व्होल्टपर्यंत उतरला तरी अडॅप्टर आपले काम बिनबोभाट करतो, म्हणून फ्रीजप्रमाणे लॅपटॉपलाही स्टॅबिलायझर हवा, हा दुकानांत मिळणारा सल्ला निष्कारण खर्चाचा आहे. ‘आउटपुट १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर’ या दोन आकड्यांचा गुणाकार ६५ येतो, तो त्याची वॅटमधली क्षमता सांगतो. पर्यायी अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असावे लागतात. यूएसबी-सी प्रकारच्या नव्या अडॅप्टरांत यंत्र आणि अडॅप्टर हे व्होल्ट आपसात ठरवून घेतात, तरी वॅट कमी पडल्यास बॅटरी भरण्याचा वेग मंदावतो किंवा ती भरतच नाही. याच पाठीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षरापुढे नोंदणी क्रमांक असतो; लॅपटॉप आणि त्याचे अडॅप्टर यांना ही नोंदणी २०१२ च्या सरकारी आदेशान्वये सक्तीची झाली, आणि स्वस्तातल्या नकली अडॅप्टरची पहिली ओळख हा क्रमांक नसण्यात किंवा ब्यूरोच्या ॲपवर तो न सापडण्यात असते.

कमी दाबापेक्षा खरा धोका जास्त दाबाचा आहे. तीन फेजच्या वाहिनीवरची न्यूट्रल तार पावसात तुटली की काही घरांत २३० ऐवजी ३०० व्होल्टच्या वर दाब येऊ शकतो, आणि वीज कडाडून पडली तर तारांतून येणारा क्षणिक झोत त्याहून कितीतरी मोठा असतो. स्पाइक गार्ड नावाची सॉकेटपट्टी असा झोत बऱ्याच अंशी जमिनीत वळवते, परंतु जमिनीत वळवण्यासाठी घराला अर्थिंग असावे लागते, आणि जुन्या घरांत नेमके तेच नसते किंवा कधीकाळी पुरलेला पत्रा गंजून गेलेला असतो. अर्थिंग नसल्याची एक खूण लॅपटॉप स्वतःच देतो : चार्जिंग चालू असताना धातूच्या कडेवरून बोट फिरवले तर बारीक झिणझिण्या येतात. अडॅप्टरमधील गोंगाट गाळणाऱ्या कपॅसिटरांतून पाझरणारा अत्यल्प प्रवाह जमिनीकडे जाण्याची वाट न मिळाल्याने शरीराचा आधार घेतो, हे त्याचे कारण. हा प्रवाह सहसा घातक नसतो. तिसरी पिन कापून किंवा दोन पिनांचा जोड लावून काम भागवण्याची सवय मात्र घातक आहे, कारण यंत्राला आणि माणसाला असलेले शेवटचे संरक्षण ती काढून टाकते. गडगडाट सुरू होताच अडॅप्टर आणि ब्रॉडबँडची वायर दोन्ही काढून ठेवणे, हा उपाय फुकटचा आहे आणि कोणत्याही पट्टीपेक्षा खात्रीचा आहे.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी काम थांबत नाही. मेज-संगणकाच्या काळात यासाठी यूपीएस नावाची वेगळी जड पेटी लागे. परंतु घरातला वायफाय राउटर त्याच क्षणी बंद पडतो, ही गोष्ट ऑनलाइन परीक्षेच्या मध्यावर लक्षात येते. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस ही या भागातील अत्यंत रास्त पुरवणी खरेदी आहे. बॅटरीविषयी मात्र जुन्या समजुतींचे ओझे फार आहे. पहिल्यांदा आठ तास सलग चार्ज करावे आणि अधूनमधून ती पूर्ण उतरू द्यावी, हे दोन्ही नियम निकेलवर आधारलेल्या बॅटरींच्या जमान्यातले आहेत. १९९१ पासून बाजारात आलेल्या आणि आज सर्व लॅपटॉपांत असणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण उतरणे उलट जाचते, आणि उष्णतेत सतत शंभर टक्क्यांवर राहणेही मानवत नाही. म्हणूनच बऱ्याच कंपन्या चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय देतात. शहरात ही सोय कायम चालू ठेवावी असे सुचवले जाते. कर्जत-खालापुरात ती ऑक्टोबर ते मे चालू आणि पावसाळ्यात बंद ठेवणे अधिक शहाणपणाचे, कारण रात्रभर वीज नसताना उरलेले २० टक्केच कामाला येतात. बॅटरीवर वॅट-तास या एककात साठा छापलेला असतो. ४५ वॅट-तासांची बॅटरी साधे लेखन-वाचन करताना, सुमारे ८ वॅट खर्च धरला, तर साडेपाच तास पुरते, आणि जाहिरातीतल्या ‘दिवसभर’ या शब्दाची परीक्षा या साध्या भागाकाराने होते.

दमट हवेचा प्रश्न याहून चिवट आहे, आणि पेटीतील पत्रकात त्याला एक ओळही बहुधा मिळत नाही. या तालुक्यांत वर्षाला ३,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. या काळात लाकडी कपाटातले कपडे, चामड्याचे पट्टे आणि पुस्तकांच्या बांधण्या यांच्यावर बुरशी धरते, मग बंद बॅगेत आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या यंत्राच्या जोडण्या हिरवट पडल्या तर नवल नाही. कंपन्यांच्या तपशिलात ‘घनीभवन न होता’ अशी एक अट असते, तिचा अर्थ यंत्राच्या आत दव धरता कामा नये असा आहे. माथेरानच्या थंड धुक्यातून किंवा वातानुकूलित डब्यातून आणलेले यंत्र उबदार, ओलसर खोलीत लगेच उघडून चालू केल्यास नेमके हेच घडते, म्हणून ते बॅगेतच अर्धा तास राहू द्यावे. यंत्र रोज तासभर चालू ठेवणे हा दमटपणावरचा सर्वांत सोपा उपाय आहे, कारण त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडे ठेवते. न वापरायचे असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे आणि पुड्या अधूनमधून बदलाव्या. कर्जत किंवा खोपोलीहून रोज लोकलने मुंबईकडे जाणाऱ्यांच्या बाबतीत पावसात भिजलेली बॅग हा आणखी एक धोका असतो. बॅगेवरच्या जलरोधक आवरणापेक्षा आतली दोरीबंद प्लास्टिक पिशवी अधिक विश्वासाची.

यंत्राची अंतर्गत अंगे समजून घेताना तीन नावे पुरेशी आहेत. प्रोसेसर हा आज्ञा पाळणारा आणि गणिते करणारा भाग. रॅम ही चालू कामापुरती, वीज जाताच पुसली जाणारी स्मृती. आणि एसएसडी हा कायमचा साठा. कोठीतले धान्य आणि निवडण्यासाठी सुपात घेतलेले धान्य यांचे जे नाते, तेच एसएसडी आणि रॅम यांचे आहे. सूप लहान असेल तर कोठीकडे हेलपाटे वाढतात आणि यंत्र मंद भासते. आज ८ जीबी रॅम ही किमान आणि १६ जीबी ही सुखाची मर्यादा मानावी, आणि खरेदीपूर्वी ती पुढे वाढवता येईल की मदरबोर्डवर कायमची झाळलेली आहे, हे विचारून घ्यावे, कारण पातळ यंत्रांत ती बहुधा झाळलेलीच असते. साठ्याविषयी एक तक्रार प्रत्येक दुकानदाराच्या ओळखीची आहे : पेटीवर ५१२ जीबी लिहिलेले असते आणि पडद्यावर ४७६ दिसतात. यात फसवणूक नसते. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि विंडोज तीच रक्कम १,०२४ च्या पटीत, म्हणजे १०७ कोटींहून थोड्या अधिक बाइटांच्या मापाने मोजते, आणि ५१२ ला त्या मापाने भागले की ४७६ च उरतात. एसएसडीत फिरते भाग नसल्याने धक्के सोसण्यात ती जुन्या चकतीच्या हार्डडिस्कपेक्षा सरस आहे, पण ती मरते तेव्हा बहुधा पूर्वसूचना देत नाही आणि पुसले गेलेले परत मिळवणे अवघड असते. तेव्हा सातबारा, गुणपत्रिका, जातीचा दाखला अशा कागदांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी असल्याच पाहिजेत.

बाह्य अंगांपैकी सर्वांत दुर्लक्षित अंग म्हणजे बिजागरी. पडदा एका कोपऱ्याला धरून उघडण्याच्या सवयीने स्वस्त यंत्रांची बिजागरी दोन-तीन वर्षांत प्लास्टिकमधून उखडते, आणि त्या दुरुस्तीत अनेकदा अख्खे झाकण बदलावे लागते. वरच्या कडेच्या मध्यावर धरून उघडले की हा खर्च टळतो. हवेसाठी तळाशी ठेवलेल्या फटी गोधडीवर किंवा गादीवर बुजतात, पंखा ओरडू लागतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पडद्याची प्रकाशमानता निट या एककात सांगतात. २५० निटचा पडदा खोलीत चालतो, पडवीत दिवसा बसून काम करायचे तर अपुरा पडतो. दसऱ्याला यंत्राची पूजा करणाऱ्यांनी हळद-कुंकू झाकणावर वाहावे, कळांवर नव्हे, एवढी सूचना येथे अस्थानी ठरू नये. बारीक पूड कळांखाली आणि पंख्यात गेली की सहजासहजी निघत नाही.

प्रत्यक्ष सुरुवातीचा दिवस हा खरे तर इंटरनेटचा दिवस असतो. विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीची मांडणी पूर्ण करण्यासाठी इंटरनेट जोडणी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि मांडणी होताच कित्येक जीबींच्या सुधारणा आपोआप उतरू लागतात. दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून बसलेल्या विद्यार्थ्याचा पॅक तासाभरात संपतो आणि मांडणी अर्ध्यावर अडकते. त्यामुळे डोंगरपट्ट्यातील वाडीत नेण्यापूर्वी, ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी, शक्य तर दुकानातच पण ग्राहकाने समोर बसून, हे काम उरकावे, आणि नंतर वायफायच्या मांडणीत ‘मीटर्ड’ हा पर्याय चालू करावा, म्हणजे मोठ्या सुधारणा परवानगीशिवाय बहुतांशी उतरत नाहीत. समोर बसण्याला कारण आहे : खाते ग्राहकाच्याच नावाने उघडले जाते की नाही, परवलीचा शब्द त्यालाच माहीत आहे की नाही, आणि यंत्रासोबत आलेले अधिकृत सॉफ्टवेअर बाजूला सारून कोणी चोरीची प्रत तर घातली नाही, हे तेव्हाच कळते. अलीकडच्या अनेक यंत्रांत साठा आपोआप कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवला जातो आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात जमा होते. मदरबोर्ड बदलल्यावर ती मागितली जाते, आणि खाते कोणाचे होते हेच आठवत नसेल तर आतली प्रत्येक फाइल गेल्यात जमा असते. जुने यंत्र घेणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा : विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था यंत्रात लागते, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणाऱ्या, कार्यालयांतून निघालेल्या अनेक जुन्या यंत्रांचे भवितव्य लिनक्सवर नेले तरच आहे. लेखन आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे, आणि त्यात मराठीही नीट चालते.

मराठीचा प्रश्न बहुतेक मार्गदर्शनांत शेवटी येतो, किंवा येतच नाही. ग्रामपंचायत, शाळा, तलाठी कार्यालय आणि आपले सरकार सेवा केंद्र यांच्याशी रोजचा व्यवहार असलेल्या या तालुक्यांत तो पहिल्याच दिवशी सोडवला पाहिजे. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना कायमचे क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, समाविष्ट आहे, तरी जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फाइली कार्यालयांत अजून फिरतात आणि नव्या यंत्रावर त्या अगम्य चिन्हांसारख्या दिसतात. दोष यंत्राचा नसून त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवल्या होत्या, हे कारण आहे. विंडोजच्या भाषाविषयक मांडणीत मराठी जोडली की इनस्क्रिप्ट हा भारतीय मानकातला कळफलक मिळतो, आणि विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काने-मात्रे बहुतांशी डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘कर्जत’ लिहिण्यासाठी इंग्रजी कळफलकावरील के, जे, डी, पी, एल या कळा क्रमाने दाबल्या की क, र, हलन्त, ज, त उमटतात. दर्या आणि दऱ्या यांतला फरकही तेथे नेमका साधतो, कारण दुसऱ्या शब्दातला ‘ऱ’ शिफ्ट धरून जे दाबल्यावर वेगळा मिळतो. उच्चारानुसार रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कळफलक विंडोजमध्ये २०१९ पासून आहे आणि नवशिक्याला तो लगेच जमतो. परंतु ज्याला रोज पानेच्या पाने लिहायची आहेत, त्याने दोन-तीन आठवडे सोसून इनस्क्रिप्टच शिकावे, असे स्पष्ट मत नोंदवणे आवश्यक आहे.

प्रशिक्षणाची स्थिती पाहता, २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गेल्या दोन दशकांत तालुक्याच्या ठिकाणी संगणक-साक्षरता पोचवली, हे श्रेय मोठे आहे, आणि सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागत असल्याने वर्ग भरलेही. मात्र असे वर्ग सॉफ्टवेअरच्या वापरावर भर देतात. यंत्र विकत घेणे, जोडणे, कोरडे ठेवणे, अडॅप्टरची पाठ वाचणे हा विषय त्यांच्या कक्षेबाहेर राहतो आणि तो दुकानदाराच्या सल्ल्यावर सोपवला जातो. दुकानदाराचा सल्ला विजेच्या बाबतीत अनुभवाचा असतो, बॅटरीच्या बाबतीत जुनाट असतो आणि विम्यासारख्या वाढीव हमीच्या बाबतीत विक्रीचा असतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

हमीचे दोन प्रकार असतात : घरी येऊन दुरुस्ती आणि केंद्रात नेऊन दुरुस्ती. या भागातील ग्राहकाला अधिकृत सेवाकेंद्रासाठी बहुधा पनवेल, कल्याण किंवा नवी मुंबई गाठावी लागते, म्हणून घरी येणाऱ्या हमीसाठी थोडे जास्त पैसे मोजणे परवडते. मात्र आपल्या पिनकोडला ती लागू आहे का, हे खरेदीपूर्वीच लेखी घ्यावे. जीएसटीच्या पक्क्या बिलावर यंत्राचा अनुक्रमांक नोंदवून घ्यावा, आणि तो तळाशी छापलेल्या क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावा. हमी नाकारली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार मराठीतून करता येते.

जुन्या यंत्राचे काय करावे, हा प्रश्न नवे आल्यावर लगेच उभा राहतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार निकामी उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि अनेक कंपन्या आपल्या केंद्रांत जुनी यंत्रे स्वीकारतात. देण्यापूर्वी साठा पूर्ण पुसावा आणि खात्यातून यंत्राचे नाव काढावे. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ टेबलावर सपाट बसत नसेल, तर ते यंत्र त्याच क्षणी बंद करावे, अडॅप्टर काढावा, बॅटरी दाबू वा टोचू नये, आणि ती भंगारवाल्याच्या पोत्यात न टाकता सेवाकेंद्रातच द्यावी; टोचलेली लिथियम-आयन बॅटरी पेट घेते आणि विझल्यासारखी वाटल्यावरही पुन्हा पेटू शकते.